क्लबाचं श्राद्ध

लंडनच्या हॅरोमध्ये ज्यांच्या घरी मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्यानं राहायचे, ते काका दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला एका फुटबॉल क्लबाचं श्राद्ध घालायचे. माणसाचं नव्हे, क्लबाचं. काळे तीळ, पाणी, केळीचं पान, कावळा, सगळं यथासांग. हे मी पुण्याला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला की खोलीला आतून कडी आहे ना.

कडी होती. आणि काका अगदी सज्जन होते, हेही सांगून टाकते. बाकी सगळ्या गोष्टींत त्यांचं डोकं शाबूत होतं. कौन्सिलला पत्र लिहावं तर त्यांनी, बॉयलरवाल्याची हजेरी घ्यावी तर त्यांनी. फक्त ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा विषय निघाला की माणूस हातातून जायचा. त्यातही आजच्या फुटबॉलचा नाही. पूर्वीच्या.

तरुणपणी ते दादरहून मेलबर्नला गेले, ट्रामच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले, तिथंच संसार झाला. एकुलती एक लेक लग्न होऊन हॅरोशेजारच्या पिनरला आली, काकू म्हणाल्या लेकीजवळ राहू, म्हणून म्हातारपणी दोघं हॅरोला आले. पुढे काकू गेल्या. मागे राहिलं एवढं मोठं घर, काका, आणि त्यांचा तो डफल कोट. जाड, गुडघ्यापर्यंत येणारा, छातीवर खेळाडूंच्या नावांचे बिल्ले आणि पाठीवर कापडी आकडा शिवलेला. एकेकाळी क्लबाचे सगळे पाठीराखे म्हणे असाच कोट घालून मॅचला जायचे. काका तो घालून टेस्कोत किराणा आणायला जायचे.

मी खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, पगार विचारतील, घरात चिकन शिजवणार का विचारतील. त्यांनी विचारलं, "शनिवारी पहाटे पाचला तुला झोप लागलेली असते का?"

मी म्हटलं, असते की. कोणाला नसते?

तर म्हणाले, मग जरा अवघड जाईल, पण होते सवय. मला वाटलं, योगासनं वगैरे करत असतील. कसली योगासनं! मेलबर्नला दुपारी दोन वाजता मॅच सुरू झाली की इथे पहाटेचे पाच वाजतात. पहिल्याच शनिवारी खालून असा काही आरडाओरडा ऐकू आला की मी हातात छत्री घेऊन जिना उतरले. काका टीव्हीसमोर उभे होते, कमरेवर हात, आणि टीव्हीला सांगत होते की लाज वाटायला पाहिजे.

हा खेळ मला त्यांनी इतक्या वेळा समजावला आहे की आता मीही कोणाला समजावू शकते. मैदान अंड्याच्या आकाराचं, चेंडूही लांबुळका. लाथ मारा, उडी मारून झेला, दुसऱ्याला मुठीनं ठोसून द्या, फक्त फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला, म्हणजे नेम चुकला, तरी एक गुण. नेम चुकलेल्यालाही काहीतरी देणारा जगात हा एकच खेळ आहे, असं काका अभिमानानं सांगायचे, आणि घरात कोणाचं काही बिनसलं की तेच वापरायचे. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले, तर दारातच म्हणाले, "बाजूनं गेला. असू दे, एक मिळाला." लेकीला प्रमोशन मिळालं नाही, बाजूनं गेला. त्यांच्या हातची कढी फुटली, बाजूनं गेला, एक मिळाला, वाढ.

आता यांना आजचा खेळ इतका नावडतो तर दर शनिवारी पहाटे उठून बघतात कशाला? मी विचारलं एकदा. म्हणाले, बघितल्याशिवाय शिव्या कशा घालणार? आणि घालायचे हो. मनापासून. आता म्हणे मॅच गुरुवारी होतात, रात्री होतात, छपराखाली होतात. छपराखाली! चिखलच नाही तर खेळाडू ओळखायचा कसा? पूर्वी एका उपनगराचा एक क्लब, आणि सगळ्या मॅच शनिवारी दुपारी दोनला, सगळ्या मैदानांवर एकदम. ट्राममध्ये बसलं की कोण कुठे चाललंय ते कोटावरून कळायचं. क्लबाचा सगळ्यात मोठा गोलवाला प्लंबर होता. शनिवारी सहा गोल मारायचा आणि सोमवारी काकांच्या गल्लीत कोणाचं तरी गटार उघडून बसलेला असायचा, त्याला तोंडावर सांगता यायचं की सातवा गोल तू कसा सोडलास रे. गोलचा अंपायर पांढरा कोट आणि हॅट घालून खांबांमध्ये उभा राहायचा, गोल झाला की दोन्ही बोटं पुढे करायचा, की संपलं. आता तो व्हिडिओत बघून सांगतो. "बोटं काय देवानं जानवं धरायला दिलीत?" असं काका टीव्हीला विचारायचे.

आणि ड्रॉप किक. हा वेगळाच जिव्हाळ्याचा विषय. चेंडू आधी जमिनीवर टाकायचा आणि टप्पा पडता पडता त्याच क्षणी मारायचा. जमली तर बंदुकीच्या गोळीसारखी जाते, नाही जमली तर अब्रू जाते, म्हणून ती आता कोणी मारत नाही. मला ती कळत नाहीये असं वाटून एका रविवारी त्यांनी फळवाल्याकडून आणलेली पपई उचलली आणि मागच्या अंगणात मला प्रात्यक्षिक दाखवलं. पपई कुंपणावरून गेली. पलीकडे एक इंग्लिश आजी राहायच्या, त्यांच्या कमळाच्या टाकीत पडली. तासाभरानं आजी दारात हजर, हातात बशी, बशीत उरलेली पपई धुऊन, बिया काढून, फोडी करून. काका कृतार्थ झाले. म्हणाले, बघ, अंतर बघ.

त्यांचा तो क्लब मात्र उरला नव्हता. पैसे संपले, कमिटी बसली, आणि एका हिवाळ्यात क्लब लांबच्या शहरातल्या एका मोठ्या क्लबात विलीन केला. मैदानावर आता फ्लॅट झाले आहेत. काकांनी त्या विलीन झालेल्याला कधी आपला म्हटलं नाही. म्हणायचे, सून घरी आणली म्हणजे आई परत येते का?

मला ही आधी निव्वळ हौस वाटायची. मग एकदा गवार निवडता निवडता ते जे बोलले त्यानंतर नाही वाटली. मैदानाच्या एका कोपऱ्यात, कुंपणाजवळ, त्यांची जागा ठरलेली होती. दर शनिवारी तीच माणसं तिथं उभी असायची. एक पोस्टमन, एक ग्रीक बाई आणि तिचा भाऊ, एक नुसता खोकणारा म्हातारा. बिअरचे रिकामे डबे पालथे घालून त्यावर उभं राहायचं, म्हणजे पुढचं दिसतं. काकू पहिल्या वर्षी थंडीला शिव्या देत यायच्या, तिसऱ्या वर्षी अंपायरला द्यायला लागल्या. त्या परक्या देशात आपण कुठले, काय खाता, परत कधी जाणार, हे न विचारणारी तेवढीच माणसं होती. क्लब बंद झाला आणि ती सगळी कुठल्या कुठे गेली.

"आडनावं विचारायचीच राहून गेली गं," काका म्हणाले. "पुढच्या शनिवारी भेटणारच होतो ना, म्हणून कधी विचारली नाहीत."

मी उरलेली गवार निवडून टाकली.

तर श्राद्ध. सुरुवातीला त्यांनी हॅरोतल्या गुरुजींना बोलावलं होतं. गुरुजींनी व्हॉट्सअॅपवर विचारलं, गोत्र? काकांनी कळवलं, माहीत नाही. गुरुजी म्हणाले, मग काश्यप धरू, आणि तुमचे ते कोण लागत होते? काकांनी खरं सांगितलं. गुरुजींचं उत्तर आलंच नाही. तेव्हापासून काका स्वतःच करायचे. गेल्याची तिथी माहीत नसली तरी सर्वपित्रीला चालतं, हे त्यांना ठाऊक होतं. सकाळपासून स्वयंपाक. वरणभात, खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यात एक मीट पाय. म्हणजे मैद्याच्या वाटीत खिमा, वर मैद्याचंच झाकण, त्यावर टोमॅटो सॉस. मैदानावर सगळे तेच खायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हबकलेच. श्राद्धाच्या पानावर खिमा? काका शांतपणे म्हणाले, पितरांना जे आवडायचं ते वाढायचं असतं, तुझ्या-माझ्या आवडीचा प्रश्न नाही.

मग पान अंगणात ठेवायचं आणि हात जोडून कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की पितर तृप्त. नाही शिवला तर त्यांची काही इच्छा राहिली आहे असं धरून घरच्यांनी वचन द्यायचं. काकांचं वचन ठरलेलं होतं: दुसऱ्या कुठल्याही क्लबाला मी आपलं म्हणणार नाही. हॅरोचे कावळे धट्टेकट्टे, वचन पुरं व्हायच्या आत मीट पायवर तुटून पडायचे. फक्त मॅगपाय, तो इथला काळा-पांढरा पक्षी, आला तर काका चप्पल घेऊन धावायचे, कारण काळा-पांढरा म्हणजे शत्रू क्लबाचा रंग.

आता नातीकडे येते. काकांची नात अनया, जन्मापासून पिनरची आणि मराठीही पिनरचीच, तेव्हा युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाला होती. तिथं कोणी ऑस्ट्रेलियन मैत्रीण भेटली आणि ही पोरगी लंडनमधल्या एका मुलींच्या टीममधून तोच खेळ खेळायला लागली. आजोबांनी तिला शिकवला नव्हता. पण ते खूष होतील म्हणून ती धावत सांगायला आली, तेव्हा मी तिथंच होते. काकांनी विचारलं, एका बाजूला किती जणी? ती म्हणाली, नऊ. इथं मोठं मैदान मिळत नाही, रग्बीच्या मैदानावर खेळतो. काका म्हणाले, अठराच्या जागी नऊ, आणि मैदान चौकोनी? ही तर भातुकली झाली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतरचा अख्खा सीझन ती त्यांना बोलवत राहिली आणि त्यांना दर वेळी काहीतरी निघत राहिलं. एकदा गुडघा, एकदा बॉयलर. मला राग यायचा. टीव्हीवरच्या परक्या पोरांसाठी पहाटे पाचला उठणारा माणूस स्वतःच्या नातीसाठी दुपारी बसमध्ये चढेना.

सीझन संपला, पण सप्टेंबरमध्ये ग्लासगोची टीम एका दोस्तीच्या मॅचसाठी येणार होती, हॅरोजवळच्याच पार्कात. शनिवारी. आणि त्या वर्षी सर्वपित्रीही नेमकी शनिवारी. गुरुवारी अनया आईबरोबर आली.

"आजोबा, माझा मॅच आहे. ग्लासगोचा टीम येतोय. ह्या वर्षाचा लास्ट आहे. तुम्ही या ना."

काका म्हणाले, शनिवारी श्राद्ध आहे, ते हलवता येत नाही. तुला माहीत आहे.

ती बॅग उचलून उभी राहिली. मग म्हणाली, "ती क्लब मेली, आजोबा. मी नाही मेली अजून."

तिची आई ओरडली, पक्ष चालू आहे, भलतंसलतं काय बोलतेस. पण अनया जेवायलाही थांबली नाही. काका त्या रात्री जेवले नाहीत. मी मुद्दाम समजूत काढायला गेले नाही. ऐकू दे म्हटलं घरातली शांतता जरा.

शनिवारी त्यांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला, पान वाढलं, अंगणात ठेवलं. कावळा आला. कुंपणावर बसला. काकांनी वचन दिलं: दुसऱ्या कुठल्याही क्लबाला आपलं म्हणणार नाही. कावळ्यानं मान वळवली. काकांनी परत म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, मग इंग्रजीतून म्हटलं. कावळा ढिम्म. श्राद्धाच्या दिवशी कावळा शिवेपर्यंत घरात कोणी खायचं नसतं, आणि माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. माझा तोल गेला.

मी म्हटलं, "अहो काका, त्यांना हे वचन नकोच असेल. उलटं हवं असेल."

काकांनी जोडलेले हात सोडले. मला वाटलं, झालं, आता खोली सोडायला सांगतात. तेवढ्यात कावळा उडाला आणि दिसेनासा झाला, पार्काच्या दिशेनं. आता पार्क त्याच बाजूला आहे आणि कावळ्याला कुठेतरी जावंच लागतं, हे मलाही कळतं. पण काका आत गेले, डफल कोट घातला, पान तसंच्या तसं मोठ्या ताटात उचललं, वर फॉइल लावलं आणि मला म्हणाले, उबर बोलव.

उबरवाल्यानं पूर्ण रस्ताभर काही विचारलं नाही. लंडनमध्ये सवय असते त्यांना.

आम्ही पोचलो तेव्हा मॅच निम्मी झाली होती. काकांनी सीमारेषेच्या बाहेर गवतावर ताट ठेवलं, फॉइल काढलं आणि पाठ मैदानाकडे करून उभे राहिले. म्हणाले, मी फक्त कावळ्यासाठी आलोय. बरं, म्हटलं. मग त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं. मग तिरके उभे राहिले. चौकोनी मैदान, नऊ-नऊ मुली, सगळं त्यांना नको तसंच होतं, पण आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि चिखल मात्र भरपूर होता. अनया ओळखू येत नव्हती इतकी माखली होती.

मग ग्लासगोच्या एका मुलीनं अनयाला पाठीमागून असं काही ढकललं की ती तोंडावर आपटली, आणि अंपायरनं शिट्टी वाजवली नाही.

"आंधळ्या! पांढऱ्या अळे!"

सगळं मैदान थांबलं. पूर्वी अंपायर पांढऱ्या कपड्यांत असायचे आणि अख्खं मैदान त्यांना अळी म्हणायचं, हे मला माहीत होतं, पण इथला अंपायर गुलाबी टी-शर्टातला एक बिचारा डेंटिस्ट होता, सुट्टीच्या दिवशी फुकट आलेला. अनयानं चिखलातून डोकं वर केलं. तिनं आजोबांना पाहिलं आणि ती पडल्या पडल्या हसायला लागली. एक तरुण बाई लगबगीनं आमच्याकडे आली आणि नम्रपणे म्हणाली की आमच्याकडे अंपायरचा आदर राखायचा नियम आहे, हे गृहस्थ काय म्हणाले? मी म्हटलं, तो आमच्याकडचा आशीर्वाद आहे. काय करणार?

त्यानंतर काका कोणाचं ऐकेनातच. चेंडू जाईल तिकडे तो कोट सीमारेषेवरून पळायचा. गुडघा वगैरे काही आठवलं नाही त्यांना. मध्येच दम खायला थांबले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या बाईंना त्यांनी नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग आडनावाचं स्पेलिंग. ती बाई जरा घाबरली, पण सांगितलंन.

अगदी शेवटी अनयाची टीम चार गुणांनी मागे होती आणि चेंडू तिच्या हातात आला. तिनं मारला. आम्ही बाजूलाच उभे होतो, मला स्पष्ट दिसलं, चेंडू मधल्या खांबाच्या बाहेरून गेला. एक गुण. लगेच कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, तोच त्यांचा मॅच संपल्याचा भोंगा. हरल्या. पोरगी रडवेली होऊन आमच्याकडे आली, नाकात, कानात चिखल. मी मनात म्हटलं, आता हे ते त्यांचं नेहमीचं वाक्य बोलणार आणि ही यांना खांबाला बांधणार.

काका म्हणाले, "गोल होता. मी पाहिला."

"नव्हता, आजोबा."

"आपल्या टीमचा होता. गोलच होता."

अनयानं त्यांना मिठी मारली. बिल्ले, आकडा, सगळं चिखलात गेलं. मी दुसरीकडे बघायला लागले, कारण माझेच डोळे भरून आले होते, आणि म्हणूनच माझं ताटाकडे लक्ष राहिलं नाही. बघते तर अनयाला ढकलणारी तीच ग्लासगोची मुलगी, लाल केसांची, धिप्पाड, आमच्या पानासमोर उकिडवी बसलेली. तिनं मला विचारलं, हे कोणी खाणार आहे का? माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत मीट पाय अर्धा संपला होता. मग तिनं वडा उचलला, तो खिरीत बुडवला आणि डोळे मिटून म्हणाली की अफाट आहे.

मी काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चिखलातच चपला काढल्या, हात जोडले आणि मला म्हणाले, "शिवला."

त्या मुलीनंही हात जोडले. तिच्या बोटांना सॉस लागलेला होता. मग अनया, मी, ती डेंटिस्टची बायको, कारण स्पेलिंग सांगितलेली ती बाई डेंटिस्टचीच बायको निघाली, आम्ही सगळ्यांनी उरलेलं पान वाटून खाल्लं. डेंटिस्टलाही काकांनी वडा दिला. तोंडानं मात्र माफी मागितली नाही.

पुढच्या वर्षी मी भाद्रपदात आपण होऊन दुकानातून केळीची पानं आणली. काका टेबलाशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी म्हटलं, काका, यंदा सर्वपित्री बुधवारी आली आहे, मी सुट्टी टाकू का स्वयंपाकाला?

"बुधवारी कसं जमेल? बुधवारी तिची प्रॅक्टिस असते."

"अहो, प्रॅक्टिस तर दर बुधवारी असते. आणि पितर?"

"येतील की पार्कात," काका म्हणाले. "एवढी वर्षं घरात बसवून ठेवलं होतं त्यांना."